सैन्यसंख्येतील वाढ आणि तिचा दीर्घकालीन भार

सैन्यात नवी दले उभारण्याचा निर्णय होतो, तेव्हा भरती, प्रशिक्षण, वेतन, निवास आणि शस्त्रे यांच्या पहिल्या काही वर्षांच्या खर्चाचीच चर्चा प्रामुख्याने होते. सैनिकावरील खर्च मात्र त्याच्या सेवेबरोबर संपत नाही.

जुलै २०१३ मध्ये केंद्र सरकारने चीनलगतच्या सीमेसाठी ‘माउंटन स्ट्राइक कोअर’ला मंजुरी दिली. सुमारे ९० हजार सैनिक आणि सात वर्षांत सुमारे ६४ हजार कोटी रुपये, असे तिचे स्वरूप होते. दोन नियोजित डिव्हिजनांपैकी दुसरीची उभारणी पुढे निधीअभावी रखडली. सात वर्षांच्या त्या आकड्यात, पंधरा वर्षांच्या सेवेनंतर सुरू होणारे निवृत्तिवेतन येऊच शकत नव्हते. खरा भार तर तेथूनच सुरू होतो.

नियमित भरतीतील जवान साधारणतः पस्तीस ते चाळीस या वयात निवृत्त होतो. त्यानंतर तीन-चार दशके निवृत्तिवेतन आणि त्याच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन देय असते. वेतन आयोगांमुळे, तसेच १ जुलै २०१४ पासून लागू केलेल्या ‘वन रँक वन पेन्शन’मुळे ही रक्कम वेळोवेळी वाढते. २००४ पासून मुलकी सेवेत नव्याने येणाऱ्यांना अंशदायी योजना लागू झाली. सैन्यदले त्यातून वगळली गेली, आणि सेवेचे स्वरूप पाहता ते योग्यच होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६,८१,२१० कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातील १,६०,७९५ कोटी निवृत्तिवेतनासाठी, तर १,८०,००० कोटी सैन्यदलांच्या भांडवली खर्चासाठी होते. म्हणजे त्या वर्षी निवृत्तांचा खर्च नव्या शस्त्रसामग्रीच्या खर्चाच्या जवळपास पोहोचला होता.

भारतात सरकारी लेखे रोख पद्धतीने ठेवले जातात. त्यामुळे आज भरती झालेल्या जवानाचे भावी दायित्व आजच्या अर्थसंकल्पात दिसत नाही. अमेरिकेत १९८४ पासून सेवेत असलेल्या सैनिकांच्या भावी निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी स्वतंत्र निधीत रक्कम भरली जाते. परिणामी, संख्यावाढीची किंमत निर्णयाच्या वेळीच समोर येते. भारतात निदान माहितीसाठी तरी असा हिशेब मांडायला हरकत नसावी.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेली अग्निपथ योजना हा भार कमी करण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यात चार वर्षांची सेवा, निवृत्तिवेतनाऐवजी सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी आणि कमाल २५ टक्के अग्निवीरांना पुढे नियमित सेवा, अशी रचना आहे. परंतु २०२२ मध्ये जुन्या पद्धतीने भरती झालेला जवानही २०३७ च्या सुमारासच निवृत्तिवेतनास पात्र ठरला असता. त्याआधी बचतीची मोठी रक्कम हाती येणार नाही, आणि तोवर जुन्या निवृत्तांचे देणे चालूच राहील. शिवाय दर चार वर्षांनी नव्या तुकड्यांना शिकवावे लागल्याने प्रशिक्षणाचा माणशी खर्च कमी काळात वसूल करावा लागतो. हे २५ टक्क्यांचे प्रमाण वाढवल्यास अनुभवी जवान टिकतील. पण त्यांना निवृत्तिवेतन देय असल्याने अपेक्षित बचत तितकीच घटेल.