रोस्टचा हिसाब : पैसा कशाचा देतो आणि कस किती मिळतो?

कापडाच्या धंद्यात नुसता ताक्यावरचा छाप पाहून माल उचलणारा व्यापारी फार दिवस टिकत नाही. तो पन्हा मोजतो, वजन करतो, तुकडा भिजवून किती आखडतो ते पाहतो आणि मगच भाव ठरवतो. घरच्या खाण्याच्या खर्चात मात्र हाच व्यापारी डोळे मिटून पैसे देतो. गोश्तच्या दुकानात ‘चांगला तुकडा दे’ एवढे सांगितले की त्याचे काम झाले. चांगला म्हणजे काय? मऊ, की पौष्टिक? दोन्ही एकच असतात असे आपण धरून चालतो. ते खरे आहे की नाही, हे आज आकड्यांवरून पाहू.

विषय रोस्टचा आहे. आमच्या चंदनसार-विरार भागात रोस्ट कोणा एका समाजाचा पदार्थ नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांत सिरका, आले, लसूण आणि मिरी लावून अख्खा तुकडा पातेल्यात मंद आचेवर शिजवतात व गार झाल्यावर त्याच्या चकत्या कापतात. आपल्या घरांत रान, पसंदे किंवा भुना या रूपात तीच गोष्ट होते. खानावळी आणि लग्नाचे केटरिंग करणाऱ्या बांधवांचा तर हा रोजचा माल आहे.

आधी एक खुलासा

महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला 1976 च्या कायद्याने बंदी झाली. 1995 साली विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला 2015 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हणून आपल्याकडे परवानाधारक दुकानात जे मोठ्याचे गोश्त मिळते ते म्हशी-रेड्याचे असते. या लेखातला हिसाब त्याच मालाचा आहे.

हे सांगण्याचे कारण केवळ कायद्याचे नाही. पौष्टिकतेची जी कोष्टके पुस्तकांत छापतात, त्यांतली पुष्कळशी परदेशी गोवंशाची असतात. तिकडे जनावर धान्य चारून लठ्ठ करतात, त्यामुळे मांसाच्या धाग्याधाग्यात चरबी शिरते. आपली म्हैस कडबा आणि गवत खाऊन वाढते. तिची चरबी पांढरी व कडक असते, ती बहुतेक मांसाच्या बाहेर राहते आणि सुरीने काढता येते. माल वेगळा असेल तर भावफलकही वेगळा पाहिजे.

आकडे काय सांगतात

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नकोष्टकात दोन्ही प्रकारच्या मांसाची नोंद आहे. शिजवलेल्या 100 ग्रॅम रोस्टमध्ये साधारण पुढीलप्रमाणे कस मिळतो :

गोवंश, मागच्या मांडीचा चरबी काढलेला गोळा : प्रथिने 29 ग्रॅम, चरबी 5 ग्रॅम.

गोवंश, छातीचे मांस चरबीसह : प्रथिने 26 ग्रॅम, चरबी 20 ते 25 ग्रॅम.

गोवंश, फासळीचे मांस चरबीसह : प्रथिने 22 ग्रॅम, चरबी 28 ग्रॅम.

म्हैस, चरबी काढलेले मांस : प्रथिने 27 ग्रॅम, चरबी 2 ग्रॅमच्या आत.

आता खातेवही जुळवून पाहा. एक ग्रॅम प्रथिनापासून 4 उष्मांक मिळतात, एक ग्रॅम चरबीपासून 9. मांडीच्या गोळ्याचे होतात 116 अधिक 45, म्हणजे 161. फासळीचे होतात 88 अधिक 252, म्हणजे 340. उष्मांक दुपटीहून जास्त, पण प्रथिने मात्र कमी! म्हशीच्या मांसाचे जवळपास 130 उष्मांकच होतात.

यावरून पहिला धडा मिळतो. वेगवेगळ्या तुकड्यांत प्रथिनांचा फरक थोडा असतो, चरबीचा फरक फार मोठा असतो. आणि आपल्या बाजारातल्या मालाची चरबी काढून टाकली तर तो फरकही बराच कमी होतो.

मऊपणाची किंमत

अंडरकटचा भाव सर्वांत चढा असतो. का? पाठीच्या कण्याखालचा हा स्नायू फारसे काम करत नाही, म्हणून तो मऊ राहतो. शिवाय एका जनावरात तो अगदी थोडा निघतो. मऊ आणि कमी मिळणारा, एवढीच त्याच्या भावाची सबब. पौष्टिकतेचा त्यात काही संबंध नाही.

उलट जे स्नायू दिवसभर चालतात, ओझे पेलतात, ते चिवट असतात. दस्त म्हणजे पुढच्या खांद्याचे, नळीचे, रानेचे मांस पाहा. त्याचा रंग गडद असतो. हा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यातच लोह असते. जस्त म्हणजे झिंकही खांदा आणि नळीच्या मांसात अंडरकटपेक्षा जास्तच सापडते. स्वस्त तुकडा म्हणजे हलका तुकडा, ही समजूत इथे खोटी ठरते.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नळी आणि सीना यांत शिरा व पडदे जास्त असतात. तेही प्रथिनच आहे, पण त्यात शरीराला लागणारे सर्व घटक नसतात. म्हणून नुसत्या पाया-नळीच्या सूपवर ताकद येते असे मानू नये. लाल मांसाचा भाग सोबत असला पाहिजे. हे पडदे मंद आचेवर दोन-तीन तास शिजले की विरघळून रस्सा चिकट होतो. घाई केली तर तेच मांस रबरासारखे लागते, आणि दोष कसायाला दिला जातो.

आखडण्याचा हिसाब

सुती कापड धुतल्यावर आखडते. मग त्याचा जीएसएम वाढतो, पण म्हणून सूत वाढले असे कोणी म्हणत नाही. गोश्तचेही असेच आहे. म्हशीच्या कच्च्या मांसात 100 ग्रॅमला सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात आणि शिजवल्यावर 27 होतात. शिजवल्याने प्रथिने वाढली नाहीत, पाणी गेले.

एक किलो बिनहाडाचे कच्चे मांस घ्या. त्यात 200 ग्रॅम प्रथिने आहेत. रोस्ट झाल्यावर साधारण 740 ग्रॅम माल हातात येतो. 740 ला 27 टक्के लावले की पुन्हा 200 ग्रॅमच येतात. म्हणजे किलोमागे पाव किलोहून थोडी जास्त घट धरावी. आच फार मोठी ठेवली तर घट आणखी वाढते.

खानावळ चालवणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. 150 ग्रॅमची प्लेट देणारा माणूस कच्च्या मालावर हिसाब करील तर किलोमागे साडेसहा प्लेटी धरील. प्रत्यक्षात जेमतेम पाच निघतात. दीड प्लेटीचा तोटा तो स्वतःच्या खिशातून भरतो, नाहीतर गिऱ्हाइकाच्या प्लेटीतून काढतो. दोन्ही गोष्टी धंद्याला मारक आहेत. कारखान्यात 20 कारागिरांना प्रत्येकी 100 ग्रॅम रोस्ट द्यायचा असेल तर 2 किलो नव्हे, सुमारे पावणेतीन किलो बिनहाडाचे मांस आणावे लागेल.

हाडाचाही असाच प्रश्न आहे. समजा बिनहाडाचा भाव किलोला 300 रुपये आहे आणि हाडासकट 240. हाडासकट माल 60 रुपयांनी स्वस्त वाटतो. पण त्यात पाव किलो हाड निघाले तर 750 ग्रॅम मांसाला 240 रुपये पडले, म्हणजे किलोला 320. हाडाचा रस्सा करणार असाल तर ठीक, नुसता रोस्ट करणार असाल तर महागच. आपल्या बाजारातला भाव घालून हा हिसाब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

चरबी येते कुठून?

म्हशीच्या मांसात चरबी कमी असते हे वर पाहिले. 740 ग्रॅम रोस्टमध्ये ती सगळी मिळून 13-14 ग्रॅम होते. आता पातेल्यात काय पडते ते पाहा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 14 ग्रॅम निव्वळ चरबी. चार चमचे ओतले की 56 ग्रॅम झाली. म्हणजे मांसाच्या चौपट चरबी डब्यातून आली! डॉक्टरांनी मनाई केली की आपण गोश्तला दोष देतो आणि तेलाच्या डब्याला माफ करतो.

उपाय अवघड नाही. जाड बुडाचे पातेले घ्यावे. एक चमचा तेलात तुकडा सर्व बाजूंनी लालसर करावा, मग कांदा, मसाला व थोडे पाणी घालून घट्ट झाकण लावावे आणि आच मंद करावी. सिरका किंवा दही लावून रात्रभर ठेवले तर कोरडा तुकडाही नरम पडतो. खाली राहिलेला रस फेकू नये. मांसातली काही जीवनसत्त्वे आणि क्षार त्यात उतरलेले असतात. सीन्याचा चरबीदार तुकडा असेल तर रस्सा गार करावा. वर थिजलेली चरबी चमच्याने सहज निघते.

निखाऱ्यावर भाजताना मांस काळे करू नये. करपलेल्या भागात अपायकारक द्रव्ये तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात आणि खारवलेले, धुरावलेले वा प्रक्रिया केलेले मांस ‘कर्करोगकारक’ या गटात टाकले आहे. घाबरण्याचे कारण नाही, प्रमाण सांभाळण्याचे आहे. आठवड्याला माणशी 350 ते 500 ग्रॅम शिजलेले लाल मांस ही तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा आहे. पाच माणसांच्या घरात एक किलोचा रोस्ट आठवड्यातून दोनदा केला तर माणशी 300 ग्रॅमच्या आसपास पडते. एवढे पुरेसे आहे. रोज ताटात गोश्त पाहिजे हा शौक आहे, गरज नव्हे.

वाटणीचा प्रश्न

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तुकडा कोणता घ्यावा यापेक्षा तो कोणाच्या ताटात जातो याला जास्त किंमत आहे.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 57 जणींमध्ये रक्त कमी आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2020 साली ठरवलेल्या प्रमाणानुसार पुरुषाला रोज 19 मिलिग्रॅम लोह लागते, बाईला 29. गरज बाईची दीडपट, आणि घरोघरी रीत काय? मोठे तुकडे कर्त्या पुरुषांना आणि मुलांना, मग उरलेला रस्सा घरच्या बायकांना. ज्या मुली दिवसभर बसून पीस-रेटवर टिकल्या-मणी लावतात, त्यांना संध्याकाळी चक्कर येते, सुईत धागा ओवताना डोळ्यांपुढे अंधारी येते. काम कमी उतरते, मजुरीही कमी होते. हा खर्च कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो, पण तो घरालाच भरावा लागतो.

100 ग्रॅम रोस्टमध्ये लोह 2 मिलिग्रॅमच्या आसपास असते. आकडा लहान दिसतो, पण मांसातले लोह भाजी-डाळीतल्या लोहापेक्षा अंगी जास्त लागते. शिवाय त्याच जेवणातल्या डाळीचे, भाकरीचे, पालेभाजीचे लोहही मांसाच्या सोबतीने जास्त शोषले जाते. म्हणून एकाच्या ताटात 300 ग्रॅम आणि दुसरीच्या ताटात नुसता रस्सा, यापेक्षा सर्वांच्या ताटात थोडे थोडे हे केव्हाही फायद्याचे. सोबत लिंबू पिळावे, त्याने लोह शोषायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने अडथळा होतो. तासभर थांबावे. आणि ज्यांना चक्कर, धाप किंवा फिकेपणा आहे त्यांनी रक्त तपासून घ्यावे. रोस्ट हे औषध नव्हे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

1. अंडरकटचा जादा पैसा मऊपणासाठी जातो. कस हवा असेल तर रान किंवा दस्त घ्यावे आणि मंद आचेवर वेळ द्यावा.

2. भावाची तुलना हाड आणि चरबी वजा करून करावी, आणि किलोमागे पाव किलोहून थोडी जास्त घट धरावी.

3. तेल मोजून घालावे. आपल्या रोस्टमधली चरबी बहुतेक डब्यातूनच येते.

4. परवाना असलेल्या दुकानातून, तपासलेल्या जनावराचे मांस घ्यावे. केटरिंगवाल्यांनी पावती जपून ठेवावी.

5. तुकडे करताना घरातल्या माणसांची संख्या मोजावी आणि त्यात बायका-मुलींना आधी धरावे.

तराजू दुकानात असतो तसा स्वयंपाकघरातही असावा. माल विकताना आपण वजनात कसूर करत नाही. मग घरच्या वाटणीत एकीच्या बाजूचे पारडे वर का राहावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.