ट्रकची ताकद मोजताना : डायनोच्या कागदावर काय वाचावे?

कापडाच्या धंद्यात मापाचे भांडण नवे नाही. थान फळ्यावर सैल ठेवून मोजले की दोन्ही हातांनी ताणून मोजले, एवढ्यावरून पाव-अर्धा मीटर सहज इकडचा तिकडे होतो. मीटरपट्टी खरी असते, कापडही खरे असते, मोजणारा काही उघड लबाडी करीत नाही; तरी घेणाऱ्याच्या पदरात कमी पडते. वाहनाच्या ताकदीचे मापही अगदी असेच ताणता येते. म्हणून ट्रकच्या इंजिनावरचा हा लेख एका कापड व्यापाऱ्याने लिहावा याचे वाचकांनी नवल मानू नये. आमचा माल ट्रकनेच येतो आणि ट्रकचे भाडे शेवटी थानाच्या किमतीतच बसते.

नेवासा तालुक्यात ट्रक ही चैनीची वस्तू नाही. सोनई आणि भेंड्याच्या साखर कारखान्यांचा ऊस, घोडेगावचा कांदा, भिवंडी-मालेगावहून येणारे कापड, हे सारे चाकावर चालते. आपले कितीतरी बांधव एका-दोन गाड्यांचे मालक आहेत, कोणी गॅरेज चालवितात, कोणी सुटे भाग विकतात. या लोकांना अलीकडे एक सौदा सुचविला जातो. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये थोडा फेरफार करू, घाटात गाडी तिसऱ्याऐवजी चौथ्या गिअरमध्ये चढेल, वर डिझेलही वाचेल. पुरावा म्हणून एक छापील कागद दाखवितात. त्यावर दोन वक्ररेषा असतात, एक खालची ‘आधी’ आणि एक वरची ‘नंतर’. हप्त्यावर गाडी घेतलेला माणूस तो कागद पाहून पंधरा-वीस हजार मोजायला तयार होतो. तो कागद म्हणजे डायनोचा निकाल. तो वाचता आला पाहिजे.

डायनो, म्हणजे डायनामोमीटर, हा ताकदीचा भुईकाटा आहे. इंजिन काय जोराने फिरविते आणि किती वेगाने फिरविते, या दोन गोष्टी त्यावर कळतात. फिरविण्याच्या जोराला आपले मिस्त्री टॉर्क म्हणतात. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्यावा, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ९५४९ ने भागावे, की किलोवॅट मिळतात. समजा टॉर्क ४०० आहे आणि फेरे २०००, तर ताकद सुमारे ८४ किलोवॅट, म्हणजे ११४ अश्वशक्ती झाली. तोच ४०० चा टॉर्क १४०० फेऱ्यांवर असेल तर अश्वशक्ती ८० च भरते. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर वर उचलणे. (इंग्रजी अश्वशक्ती किंचित मोठी असते, परदेशी कागद वाचताना हा फरक ध्यानात असावा.) टाटा १६१३ सारख्या नावातही हाच हिशेब दडलेला असे. पहिले दोन आकडे एकूण वजनाचे टन आणि पुढचे दोन साधारण अश्वशक्तीचा दहावा भाग.

हे यंत्र काही कालचे नाही. फ्रान्सच्या प्रोनी या अभियंत्याने १८२१ मध्ये फिरत्या दांड्यावर लाकडी ब्रेक आवळून, त्याच्या लांब दांडीला वजन टांगून ताकद मोजली. इंग्लंडच्या विल्यम फ्रूडने १८७७ मध्ये त्याच कामासाठी पाण्याचा ब्रेक काढला. आजही इंजिन गाडीबाहेर काढून त्याच पद्धतीने तपासतात. अख्खी गाडी मात्र रोलरवर चढवावी लागते, आणि रोलरचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात रोलर नुसता जड असतो. चाकाने त्याला किती सेकंदांत किती वेगात आणले, यावरून कॉम्प्युटर ताकद काढतो. दुसऱ्या प्रकारात रोलरला विजेचा किंवा पाण्याचा ब्रेक असतो, तो गाडीला धरून ठेवू शकतो, अगदी भरलेल्या ट्रकला घाट धरून ठेवतो तसा. गिऱ्हाईकाने पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमचा रोलर कोणत्या प्रकारचा?

कारण असे. पहिल्या प्रकारात सारी परीक्षा दहा-पंधरा सेकंदांत उरकते. तेवढ्यात इंजिन नीट तापतही नाही. ऊस भरलेला ट्रक इमामपूरच्या घाटात किंवा कल्याणकडे जाताना माळशेजमध्ये मिनिटामागून मिनिटे पूर्ण जोर लावून चढत असतो. डिझेल वाढविले की सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचे तापमान वाढते, आणि पिस्टन असतात ॲल्युमिनियमचे. धुराचे तापमान टर्बोच्या अलीकडे सातशे अंशांच्या आसपास जाऊन तेथेच टिकून राहिले, की पिस्टन आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतात. दहा सेकंदांच्या कागदावर हे कधीच उमटत नाही. म्हणून ब्रेकच्या रोलरवर, निदान पाच मिनिटे पूर्ण भाराखाली, धुराचे तापमान लिहून घेतलेली परीक्षा मागावी. ती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा सौदा तेथेच थांबवावा.

ताणून मोजण्याची खरी जागा म्हणजे दुरुस्तीचा आकडा. गरम किंवा विरळ हवेत इंजिन कमी ओढते. म्हणून मोजलेली ताकद ठराविक हवेच्या हिशेबात बदलून छापण्याची रीत आहे आणि ती योग्यही आहे. नेवासे समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच, येथे हवेचा दाब पाच-सहा टक्के कमी. पण हिशेब करण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. अमेरिकेतील जुनी आणि नवी पद्धत यांतच सुमारे चार टक्क्यांचा फरक पडतो. ‘आधी’ची रेषा एका पद्धतीने आणि ‘नंतर’ची दुसऱ्या पद्धतीने छापली, की गाडीला हात न लावताच ताकद वाढली! टर्बोच्या इंजिनाला तर साध्या इंजिनाइतकी दुरुस्ती लागतच नाही, कारण पातळ हवेची भरपाई टर्बो बऱ्याच अंशी स्वतःच करतो.

शिवाय रोलरवर मोजलेली ताकद ही चाकावरची असते. गिअरबॉक्स, जॉइंट, डिफरन्शियल आणि टायर वाटेत आपापला वाटा घेतात. साधारण पंधरा ते वीस टक्के धरतात, पण प्रत्येक गाडीचा वाटा वेगळा. चाकावरचा आकडा घेऊन त्याची तुलना कंपनीच्या कागदावरील इंजिनाच्या आकड्याशी करणे म्हणजे धुतलेल्या कापडाची तुलना कोऱ्या कापडाशी करणे. भरवशाची तुलना एकच : तीच गाडी, तोच रोलर, तोच दिवस, तोच गिअर, टायरमध्ये तीच हवा.

आता कॉम्प्युटर ट्युनिंग म्हणजे काय ते पाहू. जुन्या ट्रकला डिझेल पंप होता. उस्ताद लोक पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवीत, गाडी ओढायची आणि मागे काळा धूर सोडायची. आज डिझेल किती, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने सोडायचे हे कॉम्प्युटर ठरवितो. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात. ट्युनिंग करणारा एकतर ते तक्ते बदलतो, किंवा वायरिंगमध्ये एक छोटा डबा बसवितो. हा डबा कॉम्प्युटरला सांगतो, डिझेलचा दाब कमी आहे. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवितो. खोटी वही दाखवून मालकाकडून जास्त रक्कम काढणाऱ्या मुनिमाचीच ही चाल. कष्ट नोझल, पंप आणि पिस्टन सोसतात.

नायट्रस ही त्याच्या पुढची पायरी. नायट्रस ऑक्साइड म्हणजे शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देताना वापरतात तोच वायू. तो स्वतः जळत नाही. इंजिनात सुमारे तीनशे अंशांवर त्याचे विघटन होते आणि प्राणवायू सुटतो. हवेत वजनाने २३ टक्के प्राणवायू असतो, या वायूत ३६ टक्के. म्हणजे त्याच पोकळीत जास्त डिझेल जाळता येते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी उंचावर उडणाऱ्या लढाऊ विमानांत तो वापरला होता. मात्र शंभर अश्वशक्ती वाढवायची म्हटली तर साडेचार किलोची बाटली जेमतेम दीड-दोन मिनिटे पुरते. अमेरिकेत ट्रकच्या शर्यतीत आणि डायनोच्या चढाओढीत ती चालते, कारण तेथे आकडा हेच बक्षीस. माल वाहणाऱ्याला दोन मिनिटांची ताकद काय कामाची? त्यात आणखी एक गोष्ट. हा वायू ३६ अंशांच्या वर द्रवरूपात राहत नाही आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात केबिनमागे ठेवलेली बाटली किती तापेल याचा विचार वाचकांनी करावा. अशा बाटल्यांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू आहेत आणि त्यांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपूरला आहे.

अमेरिकेतील त्या शर्यतींचे लाडके इंजिन आपल्याला परके नाही. कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन तेथे १९८९ पासून डॉज पिकअपमध्ये बसू लागले, तेव्हा ते १६० अश्वशक्तीचे होते. त्याच घराण्याचे इंजिन पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्स कारखान्यात तयार होऊन आपल्या ट्रकांत आले. तिकडच्या हौशी लोकांनी मोठे टर्बो, ट्युनिंग आणि नायट्रस लावून त्यातून हजाराच्या वर अश्वशक्ती काढली. हे खरे आहे, खोटे नाही. पण ते इंजिन मग ऊस वाहण्यासाठी उरत नाही.

वाढीव ताकदीने धंद्यात नेमके किती मिळते, याचा हिशेब आम्ही मांडून पाहिला. एकूण वजन सोळा टन, शंभर मीटरला पाच मीटर चढ. ताशी ३० किलोमीटरने चढायला चाकावर सुमारे १०३ अश्वशक्ती लागते, ४० ने चढायला सुमारे १३७. म्हणजे ३४ अश्वशक्ती विकत घेऊन पाच किलोमीटरच्या घाटात वाचली अडीच मिनिटे. सोळा टन वर उचलण्याचे काम दोन्ही वेळी तेवढेच, तेव्हा त्यातून डिझेल वाचण्याचे कारण नाही. डिझेल वाचते ते टायरमधील हवा, स्वच्छ फिल्टर, चांगले नोझल आणि ड्रायव्हरच्या पायातून. ज्याला शंका असेल त्याने टाकी काठोकाठ भरून, त्याच वाटेवर तेवढेच वजन घेऊन चार-चार खेपा मोजाव्यात. हा सर्वांत स्वस्त डायनो आहे.

कायद्याची बाजूही पाहिलीच पाहिजे. गाडी रोलरवर मोजण्यात काही गुन्हा नाही. पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज सहा गाड्यांत धूर साफ करणारी गाळणी आणि बहुतेक ट्रकांत युरियाच्या द्रवाची यंत्रणा असते. युरियाचा खर्च वाचवायचा म्हणून ती कॉम्प्युटरमधून बंद करून देणारेही भेटतात. त्यामुळे कंपनीची वॉरंटी जाते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला दावा नाकारायला आयते निमित्त मिळते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज दिला, की दशकभरात तेथे साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची अशी यंत्रणा काढून टाकली गेली होती.

डायनोलाच फसविण्याचा सर्वांत मोठा प्रकार मात्र कोणा गल्लीतल्या मिस्त्रीने केलेला नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचे बिंग फुटले. तिच्या डिझेल मोटारींचा कॉम्प्युटर आपण रोलरवर आहोत हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचा, रस्त्यावर आला की सोडून द्यायचा. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने त्या गाड्या तपासल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पाचशे कोटींचा दंड ठोठावला. रोलरवर जे दिसते ते रस्त्यावरही दिसलेच पाहिजे, हा धडा सरकारांनी घेतला, आणि भारत स्टेज सहाच्या नियमांत गाडीला यंत्र बांधून रस्त्यावर धूर मोजणे आले.

एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. आणि आपल्या तर घराजवळच, अहिल्यानगरला (पूर्वीचे अहमदनगर), संरक्षण खात्याच्या संशोधन संघटनेची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई आहे. नवीन मॉडेलची गाडी नियमात बसते की नाही हे तपासून दाखला देण्याचा अधिकार केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ प्रमाणे ज्या संस्थांना आहे, त्यांत या दोन्ही आहेत. नेवाशापासून साठेक किलोमीटरवर हे काम चालते आणि आपल्या गॅरेजमधील मुलांना त्याची वार्ताही नसते, याचे आम्हाला वाईट वाटते. रोलर, स्कॅनर आणि नोझल तपासण्याचे यंत्र ही मुळात रोग शोधण्याची साधने आहेत. दुरुस्तीआधी गाडी ९० भरते आणि नोझल बदलल्यावर १०५, हे गिऱ्हाईकाला कागदावर दाखविता आले तर मजुरीवर घासाघीस होत नाही. आयटीआयचा मेकॅनिक डिझेल अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. पाना चालविणारा हात आपल्या मुलांकडे आहेच, त्याला आकडा वाचण्याची जोड मिळायला हवी.

ज्यांच्यापुढे असा कागद ठेवला जाईल, त्यांनी त्यावर रोलरचा प्रकार, दुरुस्तीची पद्धत, हवेचे तापमान, गिअर, आणि आकडा चाकाचा की इंजिनाचा, हे मोजणाऱ्याच्या सहीने लिहून घ्यावे. दुरुस्ती न केलेला मूळ आकडाही मागावा, तो यंत्रात असतोच. दोन्ही कागद गाडीच्या विम्याच्या फाइलमध्ये ठेवावेत.