आधी पाणी, मग औषध

चि. बाळास,


तू पाठवलेला तुझ्या गोल्डफिशचा व्हिडिओ नीट पाहिला. मासा डोकं खाली, शेपटी वर करून तरंगतोय. धडपडत तळाशी जातो आणि बुचासारखा परत वर येतो. घरातले म्हणतात तसं तो गेल्यात जमा आहे, असं मला वाटत नाही. कल्ले एकसारखे हलताहेत, डोळा वळतोय, खाणं दिसलं की तोंड उघडतोय. अशा माशासाठी पुष्कळ करता येतं. फक्त घाई नको आणि दुकानदाराने दिलेली निळी-पिवळी औषधाची बाटली लगेच पाण्यात ओतू नकोस.

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. गोल्डफिशचं वाताशय दोन कप्प्यांचं असतं आणि बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेलं असतं. पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं त्याच्या जोरावर चालतं. गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्याच कुळातला. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी साध्या करड्या माशांतून रंगीत मासे निवडत निवडत माणसाने तो घडवला. पुढे हौसेपायी त्याचं अंग आखूड आणि पोट गोल केलं. तुझा मासा त्यातलाच. एवढ्याशा पोटात आतडं आणि वाताशय दाटीवाटीने बसलेलं असतं, त्यामुळे आतडं फुगलं की पिशवीवर दाब येतो आणि तोल जातो. लांबट अंगाच्या गोल्डफिशला हा त्रास फार कमी होतो.

आता आदिलाबादची थंडी लक्षात घे. तेलंगणात सगळ्यात आधी गारठतो तो तुमचाच जिल्हा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो आणि दुपारी ऊन चांगलं तापतं. गोल्डफिश थंडी सोसतो, पण छोट्या टाकीतलं पाणी दिवसातून दोनदा असं गार-गरम झालं की त्याचं पचन मंदावतं. त्यात आपण रोजच्याइतकंच खाणं टाकत राहतो. टाकी खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर घे. हीटर मिळाला तर २२ ते २४ अंशांवर ठेव, पण तापमान हळूहळू वाढव, एकदम नाही.

सगळ्यात आधी मात्र पाणी. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. चांगल्या मुरलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवरचे जिवाणू तो अमोनिया पचवतात. नव्या किंवा लहान टाकीत तो साचतो, आणि साचलेला अमोनिया माशाला आतून पोळतो. वाताशयाचा म्हणून जो रोग सांगितला जातो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हे घाण पाणीच असतं. म्हणून आज एक तृतीयांश पाणी बदल, उद्या पुन्हा तेवढंच. नवं पाणी जुन्याइतकंच कोमट किंवा गार असू दे आणि त्यात अँटी-क्लोरीन आधी टाक. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीच धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नाहीतर ते जिवाणूच मरतात. अमोनियाची किट मिळाली तर आकडा शून्य यायला हवा. थोडाही दिसला तर पाणी बदलत राहायचं.

दोन-तीन दिवस खाणं पूर्ण बंद. तुझा जीव तुटेल, पण मासा उपाशी मरणार नाही. नंतर वाटाणा मऊ उकडून, साल काढून, चिमटीत कुस्करून नखाएवढा तुकडा दे. पुढेही कोरडे दाणे तसेच वर टाकू नकोस. ते खाताना मासा हवा गिळतो आणि दाणा पोटात गेल्यावर फुगतो. टाकीच्याच पाण्यात भिजवून, तळाला बसतील असे दे.

पोट फुगलेलंच राहिलं तर मेडिकलमध्ये एप्सम सॉल्ट मिळतं. वीस लिटर पाण्यामागे पाव चमचा, कपभर पाण्यात विरघळवून हळूहळू सोड. स्वयंपाकाचं मीठ ते नव्हे. हळद, तुरटी, माणसांच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल यातलं काहीही टाकू नकोस. मासा थकला असेल तर पाण्याची पातळी थोडी कमी कर आणि फिल्टरचा झोत मंद कर. तरंगताना त्याची पाठ पाण्याबाहेर उघडी पडते का, तेही बघ. तिथली कातडी सुकून जखम होते.

खवले उभे राहून अंग अननसासारखं दिसू लागलं तर आजार खोल आहे, असं समज. तेव्हा मला लगेच कळव. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथे विचारता येईल.

कधीकधी तोल पुरता परत येत नाही. तरीही खाणारा-पिणारा मासा वाकडा पोहत वर्षानुवर्षं जगतो. इंग्लंडात १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, त्रेचाळीस वर्षं. म्हणून त्याला ओझं मानू नकोस आणि मोठ्या टाकीचा हट्ट घरात जरूर धर. एका गोल माशाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी लागतं. गोल काचेच्या भांड्यात तर त्याला मुळीच ठेवू नकोस.

आणि कोणी म्हणालं की नेऊन पैनगंगेत सोडून दे, तर स्पष्ट नाही म्हण. आजारी मासा तिथे जगणार नाही, आणि जगला तर नदीतल्या आपल्या माशांना त्याचा रोग लागेल, त्यांच्या खाण्यातही तो वाटेकरी होईल.

पहाटेचं आणि दुपारचं पाण्याचं तापमान मोज आणि ते, तसंच टाकी किती लिटरची आहे ते मला आजच कळव.

तुझा,
मामा