हरितगृहातील टोमॅटोच्या फळधारणेसाठी लहान कंपन मोटर

कीटकरोधक जाळीच्या हरितगृहात टोमॅटोला फुले भरपूर लागतात, पण अनेकदा ती गळतात किंवा फळे लहान व वेडीवाकडी राहतात. खत आणि पाणी योग्य असेल, तर परागीभवन तपासावे.

असे का होते?
टोमॅटोचे फूल स्वपरागित आहे. परागकोष नळीसारखे जुळलेले असून परागकण आतल्या बाजूस सुटतात. फूल हलल्याशिवाय ते कुक्षीवर पुरेसे पडत नाहीत. उघड्या शेतात वारा व भुंगे हे काम करतात. जाळीच्या आत दोन्ही कमी पडतात. युरोपातील हरितगृहांत 1980 च्या दशकाच्या अखेरीस भुंगे सोडण्याची पद्धत आली. त्यापूर्वी तेथे विजेवरचे कंपनयंत्र हाताने वापरत.

गाभाविरहित मोटर म्हणजे काय?
साध्या डी.सी. मोटरमध्ये तांब्याची तार लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली असते. गाभाविरहित मोटरमध्ये फिरणाऱ्या भागात लोखंड नसते. तारेचीच पेल्यासारखी गुंडाळी करून ती चिकटद्रव्याने घट्ट केलेली असते व चुंबक तिच्या आत स्थिर असते. त्यामुळे ती हलकी असते, चटकन सुरू व बंद होते आणि बॅटरी कमी खाते. मात्र गुंडाळी पातळ असल्याने मोटर अडकली की लवकर जळते. म्हणून सतत जड काम करणाऱ्या फवारणी पंपासाठी ती योग्य नाही.

कंपनयंत्र कसे करावे?
आसावर एका बाजूला जड वजन असलेली 3 व्होल्टची मोटर घ्यावी. प्लॅस्टिकच्या नळीत दोन सेल, दाबाचे बटण व टोकाला मोटर बसवावी. फिरणारे वजन झाकावे. त्यात पान किंवा देठ अडकू देऊ नये. साधी लोखंडी गाभ्याची मोटरही चालेल. फुलाला फक्त कंप हवा असतो. मोबाईलमधील मोटर फार लहान असल्याने तिचा जोर पुरेलच असे नाही. फुलाखाली काळा कागद धरून कंप द्यावा. कागदावर फिकट पिवळी पूड दिसली, तर जोर पुरेसा आहे.

वापरताना
1. सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत, फुले कोरडी असताना कंप द्यावा.
2. टोक फुलाला न लावता झुबक्याच्या देठाला क्षणभर टेकवावे.
3. फूल दोन-तीन दिवसच उपयुक्त असते, म्हणून एक दिवसाआड फेरी करावी.
4. दिवसाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर किंवा रात्रीचे 13 अंशांच्या खाली असल्यास पराग निकस होतात. तेव्हा कंपाचा उपयोग होत नाही. आधी हवा खेळती ठेवून किंवा पडदे लावून तापमान सुधारावे.
5. बीविरहित काकडीला परागीभवन लागत नाही. तेथे मजुरी घालवू नये.

प्रथम दोनच ओळींना कंप द्यावा, शेजारच्या दोन ओळी तशाच ठेवाव्यात. प्रत्येक झुबक्यावरील फळे मोजून नोंद ठेवावी. फरक दिसला व मजुरी निघाली, तरच पूर्ण हरितगृहात ही पद्धत अवलंबावी.