जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री : बदललेले कर व मालकीची नोंद

भीमा नदी शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या सीमेवरून वाहते. शिरूरला चासकमान व घोड प्रकल्पांचे आणि दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी मिळत असल्याने दोन्हीकडे ऊस, कांदा व भाजीपाला यांची लागवड मोठी आहे. या पिकांच्या मशागतीला व वाहतुकीला ट्रॅक्टर आणि पिकअप ही वाहने आता अपरिहार्य झाली आहेत. तथापि नवे वाहन घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते, आणि म्हणून पुष्कळ शेतकरी जुने वाहन विकत घेतात. सन २०२५ मध्ये वाहनांवरील करांत महत्त्वाचे बदल झाले. त्यांचा जुन्या वाहनांच्या व्यवहारावर काय परिणाम होतो आणि असा व्यवहार पुरा केव्हा समजावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

नव्याचा कर उतरला, जुन्याची किंमतही उतरली

दिनांक २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या नव्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवसापासून मालवाहू वाहनांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला.

याचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. करापूर्वी ज्याची किंमत ६,००,००० रुपये आहे असा ट्रॅक्टर पूर्वी ६,७२,००० रुपयांस पडत असे. आता तोच ६,३०,००० रुपयांस पडतो. विकणारा आपल्या जुन्या पावतीवर बोट ठेवून तिच्या सत्तर टक्के किंमत मागेल, तर ती ४,७०,४०० रुपये होते. आजच्या नव्या किमतीच्या सत्तर टक्के मात्र ४,४१,००० रुपयेच होतात. म्हणजे केवळ कराच्या फरकापोटी घेणाऱ्याचे २९,४०० रुपये अधिक जातात. यास्तव इसार देण्यापूर्वी त्याच बनावटीच्या नव्या ट्रॅक्टरचे दरपत्रक विक्रेत्याकडून अवश्य मागवावे आणि भाव त्यावरून ठरवावा. शासकीय अनुदान जुन्या ट्रॅक्टरला मिळत नाही, हेही हिशेबात धरावे. नवा व जुना यांतील अंतर त्यामुळे कित्येकदा वाटते त्याहून कमी असते.

जुन्या वाहनावर कर कोणी द्यावयाचा?

जुन्या व वापरलेल्या वाहनांवरील वस्तू व सेवा कराचा दर जानेवारी २०२५ पासून सर्व वाहनांसाठी १८ टक्के करण्यात आला. यावरून पुष्कळ गैरसमज पसरले. हा कर वस्तू व सेवा कराखाली नोंदणी असलेल्या विक्रेत्याने भरावयाचा असतो, आणि तोही पुऱ्या किमतीवर नव्हे, तर खरेदी व विक्री यांतील फरकावर. व्यापाऱ्याने ४,००,००० रुपयांस घेतलेले वाहन ४,५०,००० रुपयांस विकले, तर ५०,००० रुपयांवर ९,००० रुपये कर होतो. तोट्यात विकल्यास कर होत नाही. ज्याची अशी नोंदणी नाही त्या शेतकऱ्याने आपला ट्रॅक्टर दुसऱ्या शेतकऱ्यास विकला, तर हा कर मुळीच लागत नाही. सबब अशा व्यवहारात कोणी मध्यस्थ पुऱ्या किमतीवर १८ टक्के मागू लागल्यास ते देऊ नयेत.

राज्याचा वाहन कर

महाराष्ट्राच्या १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यानुसार केवळ शेतीकामासाठी बनविलेले आणि त्याच कामी वापरलेले वाहन करमुक्त असते. ही सवलत वापरावर अवलंबून आहे. मुरूम, विटा वा अन्य माल भाड्याने वाहण्यास ट्रॅक्टर लावला की तिला बाध येतो.

पिकअपची गोष्ट निराळी आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनांना १ जुलै २०२५ पासून किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागू झाला आहे. त्यापूर्वीचे वाहन घेताना कर कोणत्या तारखेपर्यंत भरला आहे, हे पावतीवरून पाहावे. थकलेला कर भरल्याखेरीज नाव बदलत नाही आणि तो भरण्याची पाळी बहुधा घेणाऱ्यावरच येते.

नाव बदलेपर्यंत व्यवहार अपुरा

करात चूक झाली तर काही हजारांचे नुकसान होते. नावाच्या नोंदीत हयगय झाली तर मात्र जमीन विकण्याची पाळी येऊ शकते. पैसे मिळाले, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, म्हणजे आपण मोकळे झालो, अशी समजूत गावोगावी आढळते. ती चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निर्णय या दृष्टीने प्रत्येकाने लक्षात ठेवावा. त्या प्रकरणातील वाहन एकामागून एक अनेकांनी विकत घेतले होते, परंतु परिवहन कार्यालयातील नोंद मूळ मालकाच्याच नावे राहिली होती. अपघात घडला तेव्हा भरपाईचे दायित्व त्या नोंदणीकृत मालकावर येते, असे न्यायालयाने ठरविले. विकलेला ट्रॅक्टर अवैध वाळू वाहतुकीत पकडला गेला, तरी नोटीस प्रथम त्याच नावावर येते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार वाहन राज्यातच विकले असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळविले पाहिजे. विमा आपल्या नावे करण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. दौंडची वाहने बारामती कार्यालयाकडे, तर शिरूरची पुणे कार्यालयाकडे नोंदली जातात. म्हणून वाहन भीमेपलीकडे जाणार असेल, तर कोणत्या कार्यालयाचा कोणता दाखला लागेल, याची चौकशी आधीच करावी.

व्यवहारापूर्वी पाहावयाच्या बाबी

१. आरसी पुस्तकावरील चासी व इंजिन क्रमांक वाहनावरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत.

२. आरसी पुस्तकावर बँकेचा वा पतसंस्थेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा दाखला व फॉर्म ३५ घेतल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये.

३. नोंदणीची मुदत पाहावी. ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते.

४. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनास उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बसविलेली असावी. ती नसल्यास नाव बदलण्याचे काम अडते. ट्रॅक्टरसाठी तिचा दर कर वगळून ४५० रुपये ठरविण्यात आला.

५. ट्रॅक्टर अनुदानातून घेतलेला असल्यास हमीपत्रातील विक्रीबंदीची मुदत संपल्याची खात्री तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करावी.

६. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते. तिचे कागद वेगळे मागून घ्यावेत.

७. टीटी फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ व ३०, कोरे सही करून कोणाच्याही हाती देऊ नयेत. घेणाऱ्याचे नाव, तारीख व वाहनाचा क्रमांक भरूनच सही करावी व एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.

विकणाऱ्या शेतकऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. ठरलेल्या किमतीपैकी काही रक्कम नाव बदलल्यावर घेण्याची बोली केली असता घेणाराही आपणहून घाई करतो. नव्या मालकाच्या नावाचे आरसी पुस्तक स्वतः पाहावे व त्याची प्रत दप्तरी ठेवावी. ती हाती आल्यानंतरच ट्रॅक्टर विकला गेला असे समजावे.