पुराचे सूत्र निवडताना



जलविज्ञानाच्या कामात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याने सूत्र हाती घेण्यापूर्वी आपला प्रश्न कागदावर नेमका लिहून काढावा. कारण रस्त्याखालील मोरी केवढी ठेवावी हा एक प्रश्न आहे, आणि पूर चढत असताना धरणाचे दरवाजे केव्हा उघडावेत हा सर्वस्वी निराळा. पहिल्यास पुराचा महत्तम विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याचा सर्वांत मोठा आकडा, पुरतो. दुसऱ्यास तासातासाचा चढउतार लागतो.

महत्तम विसर्ग काढण्याचे इंग्लिस यांचे सूत्र सह्याद्रीतील पाणलोटांच्या नोंदींवरून बसवलेले आहे. पाणलोटाचे चौरस किलोमीटरमधील क्षेत्रफळ 124 ने गुणून, त्याच क्षेत्रफळात 10.4 मिळवल्यावर येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाने भागले, की विसर्ग घनमीटरमध्ये मिळतो. 100 चौरस किलोमीटरला तो सुमारे 1,180 येतो. सूत्रात पाऊस, माती, उतार यांचा उल्लेखही नाही, कारण घाटातला पावसाळा त्या 124 मध्येच मुरलेला आहे. तेच सूत्र माण तालुक्यातील एक चौरस किलोमीटरच्या ओढ्याला लावले, तर सुमारे 37 घनमीटर विसर्ग येतो, आणि तो खरा मानणे म्हणजे ताशी 132 मिलिमीटर पाऊस सतत कोसळत असून त्यातला थेंबही जिरत नाही, असे मुकाट्याने मान्य करणे होय. अवर्षणाच्या मुलखात अशी मोरी बांधणाऱ्याचे गणित अचूकच असते, ही त्यातली गंमत.

अशा लहान ओढ्यासाठी पावसाची तीव्रता, क्षेत्रफळ आणि वाहून जाणारा अंश यांचा गुणाकार करणारी तर्काधिष्ठित पद्धत बरी. मात्र तीव्रता दिवसाच्या सरासरीची न घेता, पाणलोटाच्या दूरच्या टोकाचे पाणी मोरीपाशी पोचण्यास जितका वेळ लागतो, तितक्या वेळेची घ्यावी. दरवाजांच्या प्रश्नाला ही दोन्ही सूत्रे निरुपयोगी आहेत. तेथे शेर्मन यांनी 1932 मध्ये मांडलेला एकक जलालेख, म्हणजे ठरावीक अवधीतील एक सेंटिमीटर निव्वळ पावसाने उठणाऱ्या पुराचा कालानुसार आलेख, वापरावा. पाऊस दुप्पट झाला की विसर्गही दुप्पट होतो, हे त्याचे गृहीतक मोठ्या पुरात ढिले पडते, एवढे भान ठेवून.

कोणतेही सूत्र निवडले, तरी ओढ्याकाठच्या जुन्या पुराच्या खुणा गावातील वृद्धांना विचारून, त्यांची पातळी मोजून घ्यावी, आणि आलेला विसर्ग त्या पातळीशी ताडल्याखेरीज नकाशावर सही करू नये.