आग कशाला लागली?

वाशी तालुक्यातले तेरखेडा आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? तेथे शोभेच्या दारूचे कारखाने आहेत. काम पोटापाण्याचे, पण जोखमीचे. स्फोट होऊन तेथे मजूर दगावले आहेत.

अशा ठिकाणी भिंतीवर तांबडी नळकांडी टांगतात. त्यांना अग्निशामक म्हणतात. दिसायला सगळी सारखी, पण पोटात निरनिराळे. म्हणून आधी पाहावे, आग कशाला लागली?

कडबा, लाकूड, कागद पेटला तर पाण्यासारखे दुसरे काही नाही. पण रॉकेल किंवा कढईतले तेल पेटले तर पाणी टाकू नका. पाणी तेलाखाली जाते, त्याची वाफ होते आणि पेटते तेल अंगावर उडते. रॉकेलच्या आगीला फेसाचे नळकांडे लागते. फेस तेलावर पांघरुणासारखा पसरतो. घरात कढई पेटली तर गॅस बंद करून वर झाकण ठेवावे.

विजेच्या मोटारीला पाणीही नको, फेसही नको. धक्का बसेल. आधी वीज तोडावी. तेथे कार्बन डायऑक्साइड वायूचे नळकांडे चालते.

कोरड्या भुकटीच्या नळकांड्यावर ए, बी, सी ही अक्षरे असतात. ए म्हणजे लाकूड, कापड. बी म्हणजे तेल. सी म्हणजे गॅस. अक्षरे वाचूनच नळकांडे उचला.

फटाक्याच्या दारूची गोष्ट मात्र न्यारी. इतर आग हवेवर जगते. दारूतल्या सोऱ्यात प्राणवायू असतोच. वरून भुकटी टाका, वायू सोडा, ती जळतच राहते. ॲल्युमिनियमच्या भुकटीवर तर पाणी घातक.

मग नळकांडे टांगायचे कशाला? पुठ्ठा, गवत पेटले तर ती आग दारूपर्यंत पोचू नये, एवढ्याचसाठी. दारूने पेट घेतला की पळावे. चप्पल, डबा आणायलासुद्धा माघारी जाऊ नये. लांब जाऊन 101 किंवा 112 ला फोन करावा.

आमच्या शाळेत असे एक नळकांडे होते. मुले त्याची धूळ पुसत. एकदा आम्ही त्याचा काटा पाहिला, तर तो तांबड्या पट्ट्यात! दाब केव्हाच गेला होता. आम्ही हेडमास्तर, पण इतकी वर्षे आम्हीही नुसता रंगच पाहिला. काटा हिरव्या पट्ट्यात हवा. वापरताना खिट्टी ओढावी, तोंड ज्वाळांच्या बुडाशी धरावे आणि दांडी दाबावी. पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी, कारण लहान नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते.